मॅक्रोबायोटिक आहार स्वीकारायचा आहे. पण बॉस्टनमध्ये राहणाऱ्या मराठी घराचे ‘स्थानिक’ अन्न कोणते?

चार्ल्सकाठ :

नमस्कार. मी बॉस्टनच्या एका उपनगरात राहते. घरी मी, माझे यजमान आणि चार वर्षांची मुलगी असे आम्ही तिघे आहोत. मॅक्रोबायोटिक आहाराचे जपानबाहेरचे मोठे केंद्र हेच शहर होते, हे मला येथे येऊन बऱ्याच उशिरा कळले. मिचिओ आणि अ‍ॅव्हेलिन कुशी हे दाम्पत्य साठच्या दशकात येथे स्थायिक झाले, १९६६ मध्ये त्यांनी ‘एरेव्हॉन’ हे छोटेसे दुकान काढले आणि १९७८ मध्ये कुशी इन्स्टिट्यूट सुरू केली. ती संस्था पुढे राज्याच्या पश्चिमेकडील बेकेट या गावी गेली आणि आता बंदही झाली आहे. मात्र त्या परंपरेत शिकलेली माणसे अजूनही आपापल्या घरी स्वयंपाकाचे वर्ग घेतात. अशाच एका वयस्क बाईंकडे मी या हिवाळ्यात शिकते आहे.

ताटाची मांडणी मला मनापासून पटली. जवळपास निम्मे ताट कोंडा न काढलेल्या धान्याचे, पाव ते तिसरा हिस्सा भाज्यांचा, थोडी कडधान्ये, थोडे समुद्रशैवाल आणि वाटीभर सूप. साखर व मैदा वर्ज्य, घास नीट चावून खायचा आणि झोपण्याच्या तीन तास आधी जेवण उरकायचे. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी आणि माठाची भाजी खाऊन वाढलेल्या मला यात परके वाटावे असे काही नव्हते.

अडचण पुढे आली. आपण ज्या हवामानात राहतो तेथले, त्या ऋतूतले अन्न खावे, असा या पद्धतीचा मूळ नियम आहे. त्यानुसार बाईंनी नारळ, आंबा, केळी, गूळ, मिरची आणि बहुतेक मसाले उष्ण कटिबंधातले म्हणून बाजूला काढायला सांगितले. टोमॅटो, बटाटा, वांगे आणि ढोबळी मिरची ही एकाच कुळातली म्हणून गेली, आणि दूधदुभते तर पहिल्याच दिवशी गेले. उरले काय, तर कॅलिफोर्नियाचा आखूड दाण्याचा ब्राऊन राइस (कोंड्यासकटचा तांदूळ) आणि जपानहून आलेले मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा), कोम्बू (एक समुद्रशैवाल) व उमेबोशी (मिठात मुरवलेले आंबट फळ). हजारो मैलांवरून आलेले उमेबोशी जर ‘स्थानिक’ ठरते, तर माझ्या आईने पाठवलेले आमसूल का ठरू नये, याचे उत्तर मला वर्गात मिळाले नाही.

याशिवाय दोन व्यावहारिक प्रश्न आहेत. मी थायरॉइडची गोळी घेते आणि शैवाल रोज खावे असे येथे सांगतात. मुलीलाही गायीच्या दुधाऐवजी तांदळाचे दूध सुरू करावे, असा सल्ला मिळाला आहे. आम्ही मासे खातो. कोणी ही पद्धत प्रत्यक्ष आचरणात आणली असेल, किंवा तिचा अभ्यास केला असेल, तर कृपया लिहावे.

निशिकासाई :

मी तोक्योत राहतो, त्यामुळे आधी एक गैरसमज दूर करतो. जपानी माणूस सर्वसाधारणपणे मॅक्रोबायोटिक खात नाही. तो पांढरा भात खातो, आणि येथेही या आहाराची दुकाने व उपाहारगृहे शोधूनच काढावी लागतात.

पण ब्राऊन राइसचा आग्रह कोठून आला, हे कळले की तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. मेइजी काळात (१८६८-१९१२) कोंडा काढलेला पांढरा तांदूळ शहरांत आणि सैन्यात रोजचा झाला आणि ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या बेरीबेरीने कहर केला. रशियाबरोबरच्या १९०४-०५ च्या युद्धात जपानी लष्कराचे सुमारे २७ हजार सैनिक एकट्या बेरीबेरीने दगावले, असे मानले जाते. नौदलात मात्र ताकाकी कानेहिरो या डॉक्टरांनी १८८० च्या दशकातच जेवण बदलून, सातू आणि मांस वाढवून, हा रोग जवळजवळ संपवला होता. याच काळात सागेन इशिझुका या लष्करी डॉक्टरांनी कोंड्यासकटचा तांदूळ, भाज्या आणि शैवाल यांवर आधारलेला आहार मांडला. सोडियम आणि पोटॅशियम यांच्या समतोलावर आरोग्य अवलंबून असते, ही त्यांची उपपत्ती होती. १९०७ मध्ये त्यांच्या विचाराची ‘शोकुयोकाई’ ही संस्था स्थापन झाली. क्योतोत १८९३ साली जन्मलेले आणि तरुणपणी क्षयाने ग्रासलेले जॉर्ज ओसावा याच संस्थेतून पुढे आले. त्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या जागी यिन आणि यांग या चिनी विचारातल्या दोन परस्परविरुद्ध शक्ती आणल्या आणि १९२९ मध्ये ते हा विचार घेऊन पॅरिसला गेले. मिचिओ कुशी हे त्यांचेच शिष्य.

म्हणजे ब्राऊन राइस हा एका विशिष्ट देशातल्या एका विशिष्ट उणिवेवरचा उतारा होता. माणूस आणि त्याची भूमी वेगळी नाही, हे शोकुयोकाईचे ब्रीद त्या जपानसाठी होते आणि तेथे ते चपखल बसत होते. गुरुजी परदेशी गेले तेव्हा ब्रीदाबरोबर जपानी फडताळही गेले. पुढे कुशींनी हवामानाचे पट्टे सांगितले. पूर्व-पश्चिम दिशेला, म्हणजे साधारण एकाच अक्षांशावर, अन्नाची ने-आण चालते. उत्तर-दक्षिण चालत नाही. तुमच्या आमसुलाला नकार आणि उमेबोशीला होकार मिळतो तो या तर्काने. तर्क आतून सुसंगत आहे, पण दुकान चालवणाऱ्यांना तो जरा जास्तच सोयीचा होता, असे माझे मत आहे.

यिन-यांगची कोष्टकेही पाठ करण्यापूर्वी ताडून पाहावीत. त्यांत उष्ण कटिबंधातली सगळी फळे थंडावा आणणारी, पसरणारी, म्हणजे यिन ठरतात. आपल्याकडे आंबा आणि पपई उष्ण म्हणून गरोदर बाईला जपून देतात. दोन्ही परंपरा तितक्याच ठामपणे बोलतात, आणि आंबा बिचारा एकच असतो.

आहारतज्ज्ञ_पुणे :

प्रश्नकर्त्यांनी मुलीचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला असला, तरी मी त्यालाच आधी हात घालते.

चार वर्षांच्या मुलीला गायीच्या दुधाऐवजी तांदळाचे दूध देऊ नये. तांदळाच्या दुधात प्रथिने नगण्य असतात, आणि तांदूळ जमिनीतून व पाण्यातून असेंद्रिय आर्सेनिक शोषून घेत असल्याने ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालील मुलांना हे पेय देऊ नये असा अधिकृत सल्ला आहे.

मॅक्रोबायोटिक आहारावर वाढलेल्या मुलांचा सर्वांत काटेकोर अभ्यास नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकात झाला. साधारण सहा महिन्यांपासून, म्हणजे वरचे अन्न सुरू होताच, या बाळांची वाढ इतर बाळांच्या मागे पडू लागली. उन्हाळा संपताना तपासलेल्या मुलांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक मुलांत आणि हिवाळा संपताना निम्म्याहून अधिक मुलांत मुडदुसाची लक्षणे होती. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही सर्रास आढळली. त्यांतली काही मुले पुढे सामान्य आहार घेऊ लागल्यानंतरही, किशोरवयात केलेल्या बौद्धिक चाचण्यांत मागे असल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. कारणे साधी होती. लहान मुलाचे पोट लहान असते आणि पातळ शिजवलेले कोंडायुक्त धान्य पोट भरते, पण उष्मांक पुरेसे देत नाही. शिवाय स्निग्ध पदार्थ, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि ब-१२ हे चारही एकदम कमी पडतात. त्या संशोधकांनी कुटुंबांना धर्म बदलायला सांगितले नाही. तेल वाढवा, आठवड्यातून एखाद-दोनदा चरबीयुक्त मासे द्या आणि रोज थोडे दूध किंवा दही द्या, एवढेच त्यांनी सुचवले. आणि ज्या घरांनी ते ऐकले तेथील मुलांची वाढ सुधारली.

बॉस्टनच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. त्या अक्षांशावर साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उन्हातून त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, हे बॉस्टनमध्येच झालेल्या संशोधनाने १९८८ मध्ये दाखवून दिले. आपल्या सावळ्या त्वचेला तर एरवीही जास्त ऊन लागते. अमेरिकेतल्या दुधात ड जीवनसत्त्व मिसळलेले असते, त्यामुळे ते दूध बंद करणे म्हणजे हिवाळ्यातला मुलीचा मुख्य स्रोत बंद करणे होय.

तुम्ही मासे खाता, हे फार चांगले आहे. मॅक्रोबायोटिक पुस्तके पांढऱ्या मांसाच्या माशांना पसंती देतात. मी मात्र बांगडा सुचवीन, कारण ड जीवनसत्त्व आणि ब-१२ दोन्ही त्यातून मिळतात. तुमच्याकडे अटलांटिक मॅकरेल मिळतो, तो घ्यावा. किंग मॅकरेल, म्हणजे आपल्या सुरमईचा भाऊबंद, पाऱ्याच्या प्रमाणामुळे मुलांना देऊ नये. शैवालातून, मिसोतून किंवा टेम्पेतून (आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीतून) ब-१२ मिळते, असे सत्तरच्या दशकातल्या पुस्तकांत लिहिलेले आढळेल. त्यावर विसंबू नये. बहुतेक शैवालांत आढळणारा बराचसा भाग ब-१२ सारखा दिसणारा, पण शरीराला निरुपयोगी असा असतो. यकृतातला साठा काही वर्षे पुरत असल्याने कमतरता उशिरा कळते, आणि पालेभाज्यांतल्या फोलेटमुळे पंडुरोग झाकला जाऊन थेट हातापायांच्या मुंग्यांपासून तक्रार सुरू होते.

आता थायरॉइड. प्रौढ व्यक्तीला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडिन पुरते. वाळलेल्या कोम्बूच्या एका ग्रॅममध्ये हजार-दीड हजार मायक्रोग्रॅम, कधी त्याहूनही अधिक आयोडिन असते. ज्यांची थायरॉइड ग्रंथी आधीच अशक्त आहे, त्यांच्या बाबतीत आयोडिनच्या अतिरेकानेही तिचे काम मंदावते. म्हणून तुमच्यासाठी रोजचा कोम्बू नको. नोरी या पातळ शैवालात आयोडिन बरेच कमी असते, ती अधूनमधून चालेल. हिजिकी हे काळे शैवाल कोणीच खाऊ नये. असेंद्रिय आर्सेनिकमुळे ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने २००४ मध्येच तसे सांगितले आहे.

कॉनेटिकटखोरे :

मी पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो आणि बऱ्याच वर्षांपासून असाच जेवतो. डॉक्टर मंडळी मॅक्रोबायोटिक म्हटले की लगेच आर्सेनिक आणि मुडदुसावर येतात, याचा मला थोडा कंटाळा आला आहे. कारण साखर, मैदा आणि डबाबंद अन्न सोडून घरी शिजवलेले धान्य, डाळ आणि भाजी खाणाऱ्या प्रौढ माणसाचे त्यात बहुधा भलेच होते. तरीही मुलांबद्दल वर जे लिहिले आहे, त्याला माझी हरकत नाही. आमच्यातल्या जुन्या लोकांनीही हे किंमत मोजूनच शिकले आहे. ओसावांनी आहाराच्या उणे तीनपासून सातपर्यंत दहा पायऱ्या सांगितल्या होत्या. सर्वांत वरची सातवी पायरी म्हणजे केवळ धान्य, आणि पाणीही बेताचे. न्यू जर्सीतली २४ वर्षांची एक तरुणी त्या सातव्या पायरीला चिकटून राहिली आणि नोव्हेंबर १९६५ मध्ये उपासमारीने गेली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९७१ मध्ये या आहाराविरुद्ध इशारा दिला तो या पार्श्वभूमीवर. कुशींनी पुढे भाज्या, डाळी आणि मासे यांना मोकळी जागा दिली, हे त्यांचे मोठे काम आहे. म्हणून ‘सातवी पायरी’ हे शब्द कोणाच्या तोंडून आले, तर त्या वर्गातून उठावे.

‘स्थानिक’ म्हणजे काय, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की तुमच्या दारापासून सुरुवात करा. मॅसॅच्युसेट्सची जमीन मका, घेवडा आणि भोपळा यांची आहे. येथील मूळ रहिवासी हीच तीन पिके एकत्र लावत. हिवाळ्यात बटरकप भोपळा, सलगम, कोबी, केल, गाजर आणि सफरचंदे मिळतात. सातू आणि ओट कॅनडाच्या बाजूने येतात, शैवाल शेजारच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर काढतात, आणि मिसो तर माझ्या घराजवळच कॉनवे गावात लाकडाच्या आचेवर करतात. तांदूळ हवाच असेल तर तो दूरवरूनच येणार. मग कॅलिफोर्नियाचा की कोकणातला उकडा, हा वाद मला निरर्थक वाटतो.

आमसुलाबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. जेवणात आंबटपणा हवा एवढ्यासाठी उमेबोशी घ्यायचे तर पारंपरिक उमेबोशीच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा मीठ असते. एका लहान फळात दोन ग्रॅम मीठ, चमचाभर मिसोत जवळपास तितकेच, वर गोमासिओ, म्हणजे तीळ-मिठाची भरड. दिवसाची पाच ग्रॅमची मर्यादा दुपारीच संपते. आमच्या घरात दोघांना रक्तदाब आहे, त्यामुळे उमेबोशी नाहीच आणि मिसो एका वेळच्या सूपपुरतेच.

गोमासिओ मात्र घरीच करावे; विकतचे खवट असते. पांढरे किंवा तपकिरी तीळ धुऊन निथळून घ्यावेत. सैंधव किंवा समुद्री मीठ कोरड्या कढईत आधी भाजून ते खलात बारीक करावे. मग तीळ मध्यम आचेवर सतत हलवत भाजावेत. तीळ तडतडू लागले की चिमूटभर घेऊन अंगठा आणि अनामिका यांच्यात दाबावेत; सहज चुरडले तर झाले, लाल होण्याची वाट पाहू नये, कडवट होतात. मिठावर गरम तीळ घालून खलबत्ता गोल फिरवत हलक्या हाताने वाटावेत. कुटू नयेत, नाहीतर तेल सुटून लगदा होतो. बहुतेक दाणे फुटावेत आणि थोडे अखंड राहावेत. मिठाला तीळ किती, यावर आमच्यात कायम वाद असतो. पुस्तकांत एकास दहापासून प्रमाण दिलेले असते, मी एकास अठराच्या खाली येत नाही. आपल्या तिळकुटाची सवय असलेल्यांना ते अळणी लागेल, पण चार दिवसांत जीभ वळते.

फोडणी सोडू नका. तिळाच्या तेलात मोहरी आणि हिंग यांची अगदी छोटी फोडणी दिलेला भोपळा-घेवडा मी मॅक्रोबायोटिक मंडळींना वाढलेला आहे, आणि भांडे रिकामे परत आले.

चार्ल्सकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. मुलीचे दूध आणि दही पूर्ववत चालू राहील, हे घरात ठरले. आमसूलही राहील. आणखी तीन गोष्टी विचारते. विजेच्या शेगडीवर शिजवलेले अन्न जड असते, म्हणून गॅस घ्यावा, असे बाई म्हणतात. आमच्या इमारतीत गॅस नाही. दुसरे, ब्राऊन राइस प्रेशर कुकरमध्येच लावावा असा त्यांचा आग्रह आहे, पण वर आर्सेनिकविषयी वाचल्यावर मन कचरते. तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. माझ्या मावसबहिणीला नुकतेच स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले आहे, आणि वर्गातल्या काही जणी म्हणतात की तिने केमोथेरपीऐवजी हाच आहार घ्यावा.

कॉनेटिकटखोरे :

शेगडी बदलू नका. ज्योतीवर शिजवावे, अंगाला सुती कपडा लावावा, रोज ओल्या गरम पंचाने अंग चोळावे, अशा बऱ्याच सूचना कुशींनी केल्या होत्या. पंचाने अंग चोळणे मला आवडते आणि हिवाळ्यात बरेही वाटते. विजेच्या शेगडीने अन्न बिघडते याला मात्र काहीही आधार नाही. चावून खाण्याचा नियम तेवढा कसोशीने पाळा. प्रत्येक घास पन्नास वेळा, हे आकडे मोजत बसलात तर जेवताना कोणाशी बोलता येणार नाही. सूपही चावून खावे, एवढे लक्षात ठेवले तरी वेग आपोआप उतरतो.

आहारतज्ज्ञ_पुणे :

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देते. केमोथेरपीऐवजी आहार, असे कोणीही सुचवले तर ते ऐकू नये. मॅक्रोबायोटिक आहाराने कर्करोग बरा होतो, असा पुरावा उपलब्ध नाही. या दाव्याला अमेरिकेत सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली ती फिलाडेल्फियाचे डॉ. अँथनी सॅटिलारो यांच्यामुळे. त्यांनी १९८२ मध्ये आपल्या बरे होण्याची हकिकत पुस्तकरूपाने सांगितली, परंतु त्यांनी शस्त्रक्रिया आणि संप्रेरकांचे उपचारही घेतले होते आणि १९८९ मध्ये त्याच रोगाने त्यांचे निधन झाले. अ‍ॅव्हेलिन कुशी २००१ मध्ये आणि मिचिओ कुशी २०१४ मध्ये कर्करोगानेच गेले. हे मी उपहासाने लिहीत नाही. कर्करोग कोणालाही होऊ शकतो, आणि म्हणूनच एखाद्या आहाराला त्यावरचे कवच म्हणू नये. केमोथेरपी चालू असताना वजन आणि प्रथिने टिकवणे महत्त्वाचे असते. अशा वेळी अंडी, दूध आणि मासे बंद करून पोटभर कोंडा खाणे उलट अंगावर येते. तुमच्या बहिणीने आहाराबद्दल जे काही करायचे ते तिच्या कर्करोगतज्ज्ञांना आणि त्यांच्याकडील आहारतज्ज्ञांना विचारून करावे.

भाताबद्दल. आर्सेनिक तांदळाच्या कोंड्यात जास्त साठते, त्यामुळे ब्राऊन राइसमध्ये ते पांढऱ्या तांदळापेक्षा अधिक असते. मॅक्रोबायोटिक पद्धतीत मोजके पाणी घालून तांदूळ दाबाखाली शिजवतात आणि ते पाणी भातातच मुरते. त्यापेक्षा सहापट पाण्यात उकळून भात वेळून काढला, तर बराचसा आर्सेनिक पाण्याबरोबर जातो. वेंगुर्ल्याच्या माणसाला भात वेळायला मी शिकवावे, असे नाही. त्यात काही ब जीवनसत्त्वेही जातात, हे खरे; पण तुमच्या ताटात डाळी आणि भाज्या भरपूर आहेत, ती भरून निघतील. फक्त हा निथळ पेज म्हणून मुलीला पाजू नये. रोज तांदूळच का हवा, हाही प्रश्न आहे. सातू, ओट, ज्वारी आणि नाचणी आलटून-पालटून घ्यावी. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत ती सहज मिळते.

शेवटी तुमच्या गोळीसंबंधी. ती रिकाम्या पोटी घेऊन अर्धा ते एक तास काही खाऊ नये, हे तुम्हाला माहीत असेलच. मॅक्रोबायोटिक दिवसाची सुरुवात मिसो सूपने होते. मिसो सोयाबीनचे असते आणि सोयामुळे या औषधाचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून ते सूप दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणात घ्यावे. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल, तर तिच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे. नवा आहार सुरू करण्यापूर्वी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी), ब-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहावे. बदल दिसला तर गोळीची मात्रा आपण ठरवू नये. ती तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्यावी आणि त्यांना तुम्ही शैवाल व सोया किती खाता, हेही सांगावे.